बक्षीसपात्र निबंध आणि आपण

गेल्या वर्षी एका विद्यापीठस्तरीय विद्यार्थी निबंध स्पर्धेचा परीक्षक म्हणून काम करण्याचा योग आला. विषय होता ‘राजर्षी शाहू महाराज आणि सामाजिक न्याय’. कोल्हापुरात हा विषय नवा नाही. २६ जून जवळ आला की प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर तो लागतोच. आम्ही तिघे परीक्षक होतो. तीसेक निबंध वाचले, गुण मांडले, बेरजा केल्या, सह्या केल्या. निकाल लागला, छोटा समारंभ झाला, तीन विद्यार्थ्यांनी प्रशस्तिपत्रे घेतली, फोटो झाले.

त्या तिघांविषयी माझी काही तक्रार नाही. पोरे कष्टाळू आहेत, वाचणारी आहेत. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपण कथेची समीक्षा करतो, कवितेची करतो, आत्मकथनांवर तर चर्चासत्रांमागून चर्चासत्रे घेतो. बक्षीस मिळालेल्या विद्यार्थी निबंधाची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. वास्तविक ती आधी व्हायला हवी. चांगले लिहिणे म्हणजे काय, हे समाज आपल्या मुलांना पहिल्यांदा सांगतो ते अशा स्पर्धांतून. पहिल्या क्रमांकाचा निबंध पुढच्या वर्षीच्या शंभर मुलांचा नमुना होतो. म्हणून या नमुन्याकडे एकदा नीट पाहिले पाहिजे.

बक्षीसपात्र निबंधाची घडण ठरलेली असते. आरंभी एखाद्या कवीच्या चार ओळी. मग ‘पुरोगामी महाराष्ट्राच्या पावन भूमीत’ असे एक वाक्य. त्यानंतर घटनांची ओळ लागते. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा जाहीरनामा, वसतिगृहांची स्थापना, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १९१८ मध्ये महार वतने खालसा करणे, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम, १९२० ची माणगाव परिषद. शेवटी ‘आज खरी गरज आहे ती शाहू विचारांची’ हे वाक्य. माहिती सगळी बरोबर आहे. शुद्धलेखनही बरे आहे. मग अडते कुठे?

अडते ते क्रियापदांत. या निबंधांतली क्रियापदे पाहा. महाराजांनी दिले, महाराजांनी उद्धरले, महाराजांनी जवळ केले, महाराजांनी वर काढले. देणारा एक आणि घेणारे असंख्य. आणि घेणाऱ्यांना चेहरा नाही. गंगाराम कांबळे यांची गोष्ट जवळजवळ प्रत्येक निबंधात आली होती. राजवाड्याच्या पागेत काम करणारा हा माणूस मराठ्यांसाठी राखलेल्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामला चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला, बरोबरच्यांनाही पाजला. ही घटना फार मोठी आहे. त्या काळात एका छत्रपतीने भर रस्त्यावर हे करावे, याला तोड नाही. पण आमच्या निबंधांत ती घटना महाराजांनी चहा पिण्यापाशी संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हॉटेलची चूल पेटवली ती गंगारामने. महाराजांची गाडी निघून गेल्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहत गल्ल्यावर बसला तो गंगाराम. महाराज तरी रोज किती चहा पिणार? हॉटेल चालले की नाही हे ठरणार होते ते कोल्हापूरच्या लोकांच्या हातून. त्या लोकांविषयी तीस निबंधांत एक वाक्यही नाही.

आता त्या एका निबंधाविषयी, ज्याच्यासाठी हे सगळे लिहितो आहे.

तो निबंध पंचगंगेकाठच्या एका गावातल्या मुलाचा होता. आरंभी कविता नव्हती. त्याने १९१९ चा शाळेचा हुकूम घेतला आणि लगेच आपल्या आजीच्या वडिलांकडे वळला. हुकूम निघाला त्यानंतर कितीतरी वर्षांनी ते शाळेत गेले, आणि तरीही बसले ते वर्गाच्या उंबऱ्याबाहेर. मुलाने आजीचे बोल जसेच्या तसे लिहिले होते : ‘म्हाराजांनी शाळा दिली, पर गावानं वाट न्हाई दिली.’ आणि पुढे त्याचा प्रश्न होता. हुकूम कोल्हापुरात निघाला. तो आमच्या गावाच्या चावडीपर्यंत पोहोचताना कुठे अडला? तलाठ्याकडे, मास्तरकडे की गावकीकडे? ज्याने तो अडवला त्याचे नाव इतिहासात का नाही? मग त्याने स्वतःच्या शिष्यवृत्तीची हकिकत लिहिली. कागद कुठल्या टेबलावर किती दिवस पडून राहिला, कोणती सही राहिली, कोणत्या दाखल्यासाठी बापाची किती दिवसांची मजुरी बुडाली, हे सगळे तारखांसह. शेवटचा परिच्छेद तीन ओळींचा होता. शाहू महाराजांची जयंती करणे सोपे आहे. कारण त्यांच्या हुकुमाला ज्यांनी दाद दिली नाही, त्यांची पुण्यतिथी कोणी करीत नाही.

हा निबंध वाचताना मी ताठ बसलो, हे खरे आहे. पण माझ्यासमोर गुणांचा तक्ता होता. पाच रकाने होते : विषयाची मांडणी, संदर्भ, भाषाशैली, शुद्धलेखन, एकूण परिणाम. विषयाच्या मांडणीत तो अडला, कारण निम्मा निबंध आजच्या शिष्यवृत्तीवर. संदर्भात अडला, कारण आजी हा संदर्भ होत नाही. भाषाशैलीत अडला, कारण ‘पर’ आणि ‘न्हाई’. शुद्धलेखनात तर अडलाच. तीन परीक्षकांच्या बेरजेत तो विसाव्याच्या पुढे गेला. एका सहपरीक्षकांनी प्रेमाने म्हटले, ‘मुलगा तळमळीचा आहे, पण वैयक्तिक होतो.’ मी काही बोललो नाही. खाली सही केली.

सही का केली, हे सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही. विद्यार्थी असताना मीही एका निबंध स्पर्धेत दुसरे बक्षीस मिळवले आहे. विषय अस्पृश्यता निवारणाचा होता. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. लिहिण्यासारखे घरातच खूप होते. पण मी लिहिले ते ‘या उपेक्षित बांधवांना समाजाच्या मुख्य प्रवाहात आणण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे’ असे. ‘हे बांधव’ म्हणजे माझे आईबाप आणि ‘आपण सर्व’ म्हणजे कोण, हे मला त्या वेळी कळले नाही. बक्षीस मिळाले. आईला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘हे कुणाचं लिवलंयस रं?’ मी हसण्यावारी नेले. सही करताना तो प्रश्न आठवायला हवा होता. तो निकाल लागल्यावर आठवला.

म्हणजे तक्ता काही बाहेरून आलेला नव्हता. तो माझ्या आतच तयार झालेला होता. ज्या भाषेने मला बक्षीस दिले, त्या भाषेचा मी पहारेकरी झालो होतो. आपल्यातून शिकून वर आलेल्या अनेक शिक्षकांचे हेच होते. आपण खुर्चीवर बसतो आणि खुर्ची आपल्याकडून आपले काम करून घेते.

बक्षिसाच्या परंपरेकडेही थोडे पाहिले पाहिजे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. विद्वत्तेची परीक्षा आणि रमण्यातली गर्दी, दोन्ही एका जातीपुरती. इंग्रजी राज्य आल्यावर त्यांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतर काही सुधारकांनी अर्ज केला की तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. सनातन्यांनी गदारोळ केला. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. म्हणजे आपल्याकडचे वाङ्मयीन बक्षीस हे दक्षिणेच्या पोटी जन्मले. दक्षिणा घेणाऱ्यांची यादी बदलली. देणाऱ्यांचा हात आणि पारखणाऱ्यांचा डोळा बराच काळ तोच राहिला.

याचा दाखला लगेच मिळतो. १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून जोशी कसा लुबाडतो आणि शेवटी ते नवराबायको फुल्यांच्या रात्रीच्या शाळेकडे कसे वळतात, अशी त्याची कथा. कमिटीने ते स्वीकारले नाही. जोतीरावांच्या हयातीत ते नाटक छापले गेले नाही. शंभराहून अधिक वर्षे ते हस्तलिखितातच राहिले. मराठीतल्या आधुनिक नाटकाच्या इतिहासात ज्याची गणना पहिल्यांत व्हावी, ते नाटक बक्षिसाच्या रकान्यात बसले नाही. पारखणाऱ्यांना त्यातली भाषा कळली नाही असे मी म्हणणार नाही. त्यांना ती नीट कळली, म्हणूनच बसली नाही.

त्याच १८५५ सालात आणखी एक लेखन झाले, आणि ते थेट आपल्या विषयाचे आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध लिहिला. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. मुक्ता तेव्हा चौदा वर्षांची होती असे सांगतात. शाळेत जाऊन तिला तीनेक वर्षे झाली होती. आज आपण तिला पहिली दलित स्त्री लेखिका म्हणून गौरवतो, तिच्या नावाने कार्यक्रम घेतो. पण तो निबंध विद्यार्थिनीचा निबंध म्हणून आपण वाचतो का? मी तो आमचा तक्ता शेजारी ठेवून वाचला.

मुक्ता सुरुवात करते ती देवाला हाक मारून, आणि तीनचार वाक्यांत ती तर्काला हात घालते. वेद आमचेच, ते आम्हीच पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात. म्हणजे आम्हाला धर्मपुस्तक नाही हे उघड झाले. पुस्तक नाही तर धर्म नाही. मग आमचा धर्म कोणता, हे देवाने सांगावे. ही मांडणी एखाद्या वकिलासारखी आहे. समोरच्याचा दावा जसाच्या तसा मान्य करायचा आणि त्यातूनच त्याच्या विरुद्धचा निष्कर्ष काढायचा. या दोन पायऱ्यांत ती धर्माच्या मालकीचा प्रश्न सोडवून टाकते. पुढची शंभर वर्षे हाच प्रश्न या समाजाला छळणार होता, आणि १९५६ मध्ये नागपूरला त्याचे उत्तर दिले जाणार होते.

मग ती साक्षी काढते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचे काय होई. वाड्यांच्या पायांत माणसे तेलशेंदूर पाजून कशी पुरली जात. कोणी लिहावाचायला शिकल्याचे कानावर आले की राज्यकर्ता काय म्हणे. हे ती कुठून लिहिते? तिच्याकडे बखरी नाहीत. हे तिच्या घरातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचे आहे. म्हणजे ज्याला आमचा तक्ता ‘संदर्भ नाही’ म्हणतो, तोच तिचा संदर्भ. नंतर ती बाळंतिणीकडे येते. ज्यांच्या घरावर छप्पर नाही, त्या बायका बाळंत होताना थंडीवाऱ्यात काय सोसतात, ते स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा, असे ती वाचणाऱ्याला सांगते. एक मुलगी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, छापील कागदावर बाळंतपणाविषयी लिहिते आणि त्याचा संबंध घराच्या छपराशी, म्हणजे जमिनीशी आणि मालकीशी जोडते. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि ज्ञानाचे औषध घ्यायला सांगते.

आता गुण देऊ. विषयाची मांडणी : देव, पेशवाई, बाळंतपण, शिक्षण, विषयांतर फार. संदर्भ : ऐकीव. भाषाशैली : भावनावेग. शुद्धलेखन : त्या काळचे, सोडून देऊ. एकूण परिणाम : मुलगी तळमळीची आहे, पण वैयक्तिक होते. आमच्या स्पर्धेत मुक्ता साळवे विसाव्याच्या पुढे गेली असती. आणि तिच्यावर दहा ओळी पाठ करून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही पहिले बक्षीस दिले असते.

इथे कोणी म्हणेल, मग अनुभव लिहिला की बक्षीस द्यायचे का? नाही. यात दुसरा एक धोका आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, त्यानंतर ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ आले. या पुस्तकांनी मराठी साहित्याची भिंत फोडली. पण त्यांच्या यशानंतर दुःख लिहिण्याचाही एक साचा तयार झाला. मीठभाकर, फाटके लुगडे, शिक्षकाचा एक अपमान, आईचे डोळे, आणि शेवटी बाबासाहेबांचा फोटो. काही परीक्षक आता अशा निबंधालाही बक्षीस देतात. त्यांच्या मनाला बरे वाटते. हेही दक्षिणेचेच दुसरे रूप आहे. पूर्वी स्तुतीला दक्षिणा होती, आता वेदनेला आहे. दोन्हीकडे लिहिणाऱ्याने हात पसरायचा आणि विचार मात्र करायचा नाही, अशी अट आहे.

मुक्ताचा निबंध या साच्यात बसत नाही, कारण तिचे दुःख प्रत्येक वेळी प्रश्नापाशी जाते. आणि याच संदर्भात आणखी एका विद्यार्थ्याचा निबंध आठवावा. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. या निबंधात त्यांनी स्वतःचे दुःख सांगितलेले नाही. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर या मान्यवरांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आहेत आणि जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे असे दाखवून दिले आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्या बंदिस्तपणाची साधने कशा होतात, हे ते गणित सोडवावे तसे सोडवतात.

वरवर पाहता मुक्ताचा निबंध आणि हा निबंध दोन टोकांचे. एकात ‘आम्ही’ आहे, दुसऱ्यात ‘मी’ जवळजवळ नाही. पण दोघांचे काम एकच आहे. ज्याने व्याख्या केली, त्याला ती करण्याचा अधिकार कोणी दिला, असे ते विचारतात. दोघेही उत्तर पाठ करून आलेले नाहीत. निबंधाची कसोटी इथे आहे. लिहिणाऱ्याने अनुभव सांगितला की ग्रंथ सांगितले, यावर ती ठरत नाही. त्याने स्वतः प्रश्न विचारला का, आणि त्या प्रश्नाच्या मागे शेवटपर्यंत गेला का, यावर ती ठरते. पंचगंगेकाठच्या त्या मुलाने विचारले होते : हुकूम कुठे अडला? शाहू महाराजांवरचा यापेक्षा चांगला प्रश्न मी तरी त्या तीस निबंधांत वाचला नाही. स्वतः महाराजांनाही हा प्रश्न पडलेला होता. नाहीतर एका हुकुमामागून दुसरा हुकूम काढण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती. म्हणजे तो मुलगा विषय सोडून गेला नव्हता. विषयाच्या आत आमच्यापेक्षा खोल उतरला होता. आणि आम्ही त्याला बाहेर बसवले. त्याच्या आजीच्या वडिलांना बसवले होते तसेच.

निकालानंतर काही दिवसांनी त्याला भेटलो. तो नाराज नव्हता. त्याला फक्त आपले कुठे चुकले ते हवे होते. मी त्याला शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या, कारण त्या होत्या आणि त्या सुधारायलाच हव्यात. प्रमाणभाषा आपल्या मुलांना यायलाच पाहिजे. ती न येण्याचे समर्थन करणे म्हणजे त्यांना पुन्हा उंबऱ्याबाहेर ठेवणे. पण आजीचे वाक्य सुधारू नको, असेही सांगितले. ती चूक नाही, ती साक्ष आहे. आणि मी माझी सही त्या निकालावर आहे हेही सांगितले. तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, ‘सर, पुढल्या साली परीक्षक तुम्हीच हाय का?’ या प्रश्नाचे उत्तर या लेखातून देतो आहे.

पुढच्या खेपेला मी परीक्षक असलो तर काही गोष्टी मागणार आहे, आणि माझ्यासारख्या शिक्षकमित्रांनी व कार्यकर्त्यांनी त्या जिथे तिथे मागाव्यात अशी विनंती आहे. पहिली, विषय गौरवाचे न देता प्रश्नाचे द्यावेत. ‘शाहू महाराजांचे कार्य’ असे म्हणण्याऐवजी ‘शाहू महाराजांचा एक हुकूम आणि माझे गाव’ असे म्हणावे. मुलगा अभिलेखागारातही जाईल आणि आजीपाशीही जाईल. दुसरी, तोंडी साक्षीला संदर्भ म्हणून स्थान द्यावे. सांगणाऱ्याचे वय, गाव आणि कोणत्या काळाविषयी सांगितले, एवढी नोंद विद्यार्थ्याने करावी. तिसरी, गुणांच्या तक्त्यात ‘प्रश्न’ असा एक रकाना असावा आणि त्याला शुद्धलेखनापेक्षा अधिक गुण असावेत. चौथी, परीक्षकांनी प्रत्येक निबंधावर दोन ओळींचा लेखी अभिप्राय द्यावा व तो विद्यार्थ्याला मिळावा. नुसत्या बेरजेमागे लपणे मग आम्हाला अवघड जाईल. आणि पाचवी, बक्षीस समारंभात बक्षीस न मिळालेला एक तरी निबंध मोठ्याने वाचला जावा, म्हणजे सभागृहालाही ठरवता येईल.

या मागण्या लहान आहेत. कोणी म्हणेल, एवढा मोठा अन्याय सभोवती चालू असताना निबंधाच्या तक्त्यावर काय वाद घालता? पण तक्ते लहान असतात म्हणूनच ते टिकतात. मोठी दारे आपण लढून उघडली. चवदार तळ्याला गेलो, काळाराम मंदिरापुढे बसलो, विद्यापीठाच्या नावासाठी माणसे मेली. लहान रकाने मात्र तसेच राहिले, आणि त्यांत आता आपलीच माणसे गुण भरत आहेत. त्यांतला एक मी आहे. त्या मुलाचा निबंध मी मागून घेतला आहे. त्याच्या परवानगीने, त्याच्या आजीच्या वाक्यासह, तो आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकात छापावा असे पत्र मी दिले आहे. छापला जाईल की नाही ते संपादक मंडळ ठरवील. नाही छापला, तर का नाही, ते मी त्यांच्याकडून लेखी मागणार आहे.